गोरखचिंचेचा प्रसंग

हे लिहायचा मला अधिकार नाही, हे आधी कबूल करतो आणि वाचणाऱ्यांची माफी मागतो. मी सिनेमाचा जाणकार नाही. तीस वर्षं बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत फायलींवर शेरे लिहिले, त्यापलीकडे माझ्या हातून काही लिहून झालेलं नाही. आणि ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते पश्चिम आफ्रिकेतले फार मोठे दिग्दर्शक होते. माझी त्यांची ओळख एका रविवारच्या दुपारची आणि एका जेवणाची. त्यांच्या मुलीने विनंती केली म्हणून त्यांचं पूर्ण नाव आणि गाव लिहीत नाही. आमच्या घरात त्यांना लामीनभाऊ म्हणत, तेच इथे ठेवतो. ज्यांनी लिहायला हवं होतं अशा कुणी लिहिलं असतं तर मी गप्पच राहिलो असतो. पण गप्प राहण्याचा माझा अनुभव चांगला नाही. ते वारल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं. मग मी शोधत बसलो. मराठीत एक ओळ सापडली नाही. एका इंग्रजी संकेतस्थळावर चार ओळी होत्या आणि वर फोटो होता तो दुसऱ्याच कुणा आफ्रिकी माणसाचा. काळा आहे ना, मग चालेल. त्या फोटोकडे बघून मला जो राग आला, त्या रागातच हे प्रकरण सुरू करतो आहे. भाषा कुठे घसरली तर तेवढं सांभाळून घ्या.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबा बेलापूरच्याच एका कार्यालयात शिपाई होते. एक खोली आणि एक स्वयंपाकघर असं आमचं घर होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली माझ्या पुस्तकांची फळी. त्या फळीवर दुसरं काही ठेवायची घरात कुणाला परवानगी नव्हती, आईला हळदीची बरणीसुद्धा नाही. आई परभणीकडची. पहाटे ती भाकरी थापायला बसली की त्या आवाजाने आम्ही उठायचो. गजर लावायची गरज नसे. तेव्हा इमारतीमागे खाडीपर्यंत मोकळं रान होतं आणि भाकरी थापण्याच्या आवाजात टिटवीचा आवाज मिसळायचा. आता मी खारघरला चौदाव्या मजल्यावर राहतो. खालून मेट्रो जाते, आई पोळ्याच करते, आणि त्या लाटताना आवाज होत नाही.

माझ्या अंगात एकच गुण होता, आवाज. वस्तीत कुणाकडे नामकरण असो की मयतानंतरचं पुण्यानुमोदन, बुद्धवंदना सांगायला मला बोलवत. माईक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायचो. हा आवाज कॉलेजातल्या दळवी सरांनी हेरला. सर इंग्रजी शिकवायचे आणि सिनेमाचं एक मंडळ चालवायचे. कॉलेजला स्वतःचा हॉल नव्हता, म्हणून ते सेक्टरच्या समाजमंदिरात परदेशी सिनेमे दाखवत. पण खालच्या इंग्रजी ओळी वाचता येतील असे लोक किती? म्हणून सरांनी एक पद्धत काढली. पडद्याशेजारी एक जण उभा राहायचा आणि पात्रं बोलतील तसं मराठीत मोठ्याने सांगायचा. तो एक जण म्हणजे मी. बायका स्वेटर विणत ऐकायच्या, म्हातारे मध्येच विचारायचे, "मग त्या पोलिसाचं काय झालं रे?" मी सिनेमा चालू असतानाच उत्तर द्यायचो. हसू येतं आता, पण त्या हॉलमध्ये लोकांनी जपान पाहिला, इराण पाहिला, तोही माझ्या आवाजात.

एक दिवस सर धावतच वर्गात आले. मुंबईतल्या महोत्सवाला आलेले एक आफ्रिकी दिग्दर्शक आपला सिनेमा घेऊन आपल्याकडे येणार होते. सरांनी मला कॅसेट दिली आणि म्हणाले, "मिलिंद, दोन आठवडे आहेत. एकही वाक्य सुटता कामा नये." हे त्यांचे शब्द आहेत. पुढे काय झालं ते वाचताना ते लक्षात ठेवा.

शेजारच्या काकूंकडे व्हीसीआर होता. तो आम्ही आमच्या घरी आणला आणि पुढचे दोन आठवडे आमचं घर म्हणजे तालीमखाना झालं. मी एक वाक्य थांबवायचो, डिक्शनरी बघायचो, वहीत लिहायचो. माझं मराठी पुस्तकी व्हायचं. घरात गॅस होता, पण आई चुलीसमोर बसल्यासारखीच खाली बसून वांगी चिरायची आणि तिथून ओरडायची, "आरं, असं बोलतंय का कुणी? म्हातारी हाय ती. म्हातारी म्हनंल का, मला तहान लागली आहे? ती म्हनंल, घसा सुकला माय." मी खोडायचो आणि तिचं लिहायचो. सात इयत्तासुद्धा न शिकलेल्या बाईने त्या सिनेमातल्या निम्म्या माणसांना मराठी दिली. आफ्रिकेतल्या त्या गावात भाकरी नव्हती, पण धान्य कांडणं होतं, आणि मुसळाचा आवाज आला की आई मान हलवायची. "तिचा हात बसलेला हाय," म्हणायची.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका गावात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची एक जात असते. गावाच्या प्रत्येक बारशाला, लग्नाला, मयताला त्यांनी गायचं. पण ते मेले की त्यांना गावाच्या जमिनीत पुरायचं नाही. जमीन नापीक होते, पाऊस पडत नाही, अशी समजूत. त्यांचं प्रेत एका प्रचंड गोरखचिंचेच्या पोकळ खोडात ठेवायचं. एक म्हातारी गायिका मरते. शहरात गवंडीकाम करणारा तिचा मुलगा परत येतो, खड्डा खणायला लागतो आणि गाव आडवं येतं. साडेचार मिनिटांचा तो प्रसंग आहे. गोरखचिंचेपाशी उभा राहून मुलगा पंचांशी बोलतो.

तो प्रसंग आमच्या घरात पहिल्यांदा लागला तेव्हा आईच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. बाबा कामावरून आले होते, पायातले बूट काढायचे थांबले. कारण वर्षभरापूर्वीच आमचा आजा गेला होता. गावांच्या शेतजमिनींवर उठलेल्या या नव्या वसाहतीत, या नोडात, यायच्या आधी आज्याने काही पाहिलं नव्हतं आणि आल्यावर फक्त सिमेंटची पाटी पाहिली. बेलापूर स्टेशनच्या जिन्यावर त्याने ओतलेलं काँक्रीट आहे. तो गेला तेव्हा आमच्या नोडचं स्मशान अजून बांधून व्हायचं होतं. आम्ही खाडीकडच्या जुन्या गावाच्या स्मशानात तिरडी नेली. फाटकात गावातले नाना उभे होते. नाना वाईट माणूस म्हणून प्रसिद्ध नव्हते. समाजमंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष होते आणि येता-जाता माझ्या अभ्यासाची चौकशी करायचे. ते म्हणाले, "आमची जमीन गेली, शेती गेली, मिठागर गेला. आता यो मसनवटा पन तुमाला देऊ काय?" बाबांनी हात जोडले. आतून कुणीतरी म्हणालं, "यांची मानसं नको हितं, पुढं आमाला तरास हाय." ते वाक्य कशासाठी होतं हे सगळ्यांना कळलं, नानांनाही. जमीन गेल्याचं दुःख खरं होतं. पण दुसरे लोक, मारवाडी दुकानदार, मद्रासी साहेब, त्याच स्मशानात जळले होते, तेव्हा कुणाची जमीन आठवली नव्हती. आम्ही टेम्पो बोलावला. बाबा मागे बसले, खड्ड्यांत तिरडी हलू नये म्हणून आज्याच्या छातीवर हात ठेवून. दोन नोड ओलांडून आम्ही त्याला नेलं.

म्हणून त्या प्रसंगाची वाक्यं मी लिहिली नाहीत. आईने सांगितली. मुलगा पंचांना काय म्हणतो ते मी तिला साध्या शब्दांत सांगितलं. तिने विळी बाजूला सारली आणि एका दमात म्हणाली, "लिही. माझी माय ह्याच मातीत पाय ठिवून जन्मभर गायली. तुमच्या बारशाला गायली, तुमच्या मयताला गायली. तवा माती बाटली नाय. आता कशी बाटंल?" बाबा एवढंच म्हणाले, "हे नीट म्हण. गडबड करू नको." मी ती वाक्यं पाठ केली. वंदनेसारखी पाठ केली.

तो रविवार आला. खिडक्यांना सतरंज्या लावून दुपारी अंधार केला होता. लामीनभाऊ आले ते पायघोळ निळ्या झग्यात, साडेसहा फूट उंच, केस पांढरे. रस्त्यावर पोरं मागे लागली होती आणि काय काय ओरडत होती ते मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यातली आज मोठी झालेली पोरं मला सोसायटीच्या ग्रुपवर शुभ सकाळ पाठवतात हेही लिहावं लागेल. समाजमंदिराच्या वॉचमनने त्यांना अडवलं. मी पळत गेलो, म्हटलं, "काका, पाहुणे आहेत." तो म्हणाला, "मला वाटलं नायजेरियन आहे." जणू नायजेरियन असता तर अडवणं बरोबर होतं. जेवण सरांच्या घरी ठरलं होतं, पण सकाळी सर म्हणाले, "अरे, घरी जरा उपवासाचं आहे. तुमच्याकडे जमेल का?" मला तर आनंदच झाला. तो उपवास काय होता ते कळायला मला बरीच वर्षं लागली. मी तेव्हा इतका भाबडा होतो की त्या भाबडेपणाचाही आता राग येतो.

लामीनभाऊंना इंग्रजी जेमतेम, मलाही जेमतेम. त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांच्याजवळ एक छोटा टेपरेकॉर्डर होता. पुढे व्हीआयपी खुर्ची ठेवली होती, पण ते शेवटच्या रांगेत बायकांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि रेकॉर्डर समोर ठेवला. मला म्हणाले, सिनेमा मला पाठ आहे, मी माणसं ऐकतो. जिथे जिथे त्यांचा सिनेमा लागे तिथला हॉल ते टेप करायचे, खोकल्यासकट. त्यांच्या बाजूला आई बसली होती, नवीन पातळ नेसून.

सुरू व्हायला पाच मिनिटं होती तेव्हा सरांनी मला पडद्यामागे नेलं. "मिलिंद, नाना पहिल्या रांगेत आहेत."

"हो सर, बघितलं."

"तो गोरखचिंचेचा सीन आहे ना... तेवढा जरा... म्हणजे गावातले दहा-बारा लोक आलेत. मागच्या वर्षीचं ते सगळं आहेच. उगाच टेन्शन नको. कमिटीने हॉल बंद केला तर मंडळच बंद पडेल."

"सर, तुम्हीच म्हणालात, एकही वाक्य सुटता..."

"अरे, चित्र दिसतंयच की. तुला कुणी खोटं बोलायला सांगत नाही. फक्त गप्प राहा."

मी "हो सर" म्हणालो. आज माझी पन्नाशी उलटून गेली आहे आणि अजून माझ्या तोंडून ते "हो सर" इतक्या सहज कसं निघालं हे मला कळत नाही. सर मला आवडायचे. त्यांनी मला पुस्तकं दिली होती. मला वाटलं, सर म्हणजे कॉलेज, आणि कॉलेजला नाही म्हटलं तर ती फळी भिंतीवरून उतरेल.

सिनेमा सुरू झाला. मी चांगला बोललो. म्हातारीचा घसा सुकला तेव्हा हॉलमध्ये कुणी "अगं माय" म्हणालं. मग ती मेली, मुलगा आला, कुदळ घेतली, गोरखचिंच दिसली. मी वही मिटली. पडद्यावर तो मुलगा हात पसरून बोलत होता, कुणालाच कळत नसलेल्या भाषेत, आणि मी त्याच्याशेजारी सरळ उभा होतो. एक लहान पोरगं म्हणालं, "दादा का बोलत नाय?" कुणीतरी त्याला दटावलं. स्पीकर माझ्या कानाशी होता, वर पंखे खडखडत होते, मागचं मला काही ऐकू येत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं नाही. नानांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. साडेचार मिनिटांनी प्रेत गोरखचिंचेच्या खोडात ठेवलं गेलं आणि मी पुढचं वाक्य बोललो. आवाज अगदी स्वच्छ होता.

संपल्यावर नाना आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आवाज बरा हाय तुजा, पोरा." माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं झोंबणारं बोललेलं नाही. लामीनभाऊंनी मला बाजूला घेतलं. "तू तिथे थांबलास," ते म्हणाले. मी सांगितलं, पान सापडलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

घरी आईने सुकं मटण, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा केला होता. लामीनभाऊंनी भाकरी मोडली ती अगदी आमच्यासारखी, एका हाताने. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतला. जेवता जेवता म्हणाले, ती सिनेमातली गाणारी म्हातारी म्हणजे माझी आजी, ही तिचीच गोष्ट. मी ते मराठीत सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. निघताना लामीनभाऊंनी आईपुढे वाकून दोन्ही हात जोडले, बराच वेळ. तिचं नाव विचारलं. मी अक्षर अक्षर सांगितलं आणि त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं. मला वाटलं, मटणासाठी.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, "पाठ होतं ना तुला?"

"हो."

त्यांनी ताटं उचलली. त्यानंतर वीस वर्षं जगले, पण या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. कमिटीने पुढच्या वर्षी हॉल तसाही बंद केला, लग्नांना द्यायला. मंडळ तसंही बुडालं. म्हणजे मी जे विकलं त्याच्या बदल्यात काहीही वाचलं नाही. या गोष्टीचा मला सरांपेक्षा, नानांपेक्षा जास्त राग येतो, आणि त्या रागाला जायला जागा नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या ऑफिसातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक ईमेल पुढे पाठवला. लामीनभाऊंच्या मुलीचा होता. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले, त्यांच्या शेकडो कॅसेट ती एकेक करून ऐकते आहे, एकीवर कॉलेजचं नाव आणि दोन शब्द आहेत, बेलापूर आणि केशरबाई. ती लिहिते, बाबा नेहमी सांगायचे की माझ्या सिनेमाचा सगळ्यात चांगला अनुवाद बेलापूरच्या एका बाईने केला. पण कॅसेटवर तर एक मुलगा बोलतो. तो मध्येच गप्प होतो, आणि तेव्हा कुणी बाई अगदी रेकॉर्डरजवळ, हळू आवाजात बोलायला लागते. ती केशरबाई का? ती काय म्हणते आहे? सोबत आवाज जोडला होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो लावला. पंखे खडखडले. पोरगं म्हणालं, दादा का बोलत नाय. आणि मग आई. शेजारच्या बायकांना सांगत होती, सगळीच्या सगळी वाक्यं, एकही न गाळता. तवा माती बाटली नाय. आता कशी बाटंल. कुणीतरी हुंदका दिला. साडेचार मिनिटं ती बोलली आणि मी पुढे बोलायला लागल्यावर थांबली. मला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. माझी लाज राखली होती, आणि त्याचाही मला तिथे उभ्या उभ्या राग आला.

आई मेथी निवडत होती. हल्ली तिला कमी ऐकू येतं. म्हणाली, "कोन बाई हाय रं ती? चांगलं बोलतीय."

"तूच आहेस, आई."

ती हसली, "जा तिकडं." मग मी सगळं सांगितलं, लामीनभाऊ गेल्याचंही. तिचे हात थांबले. तिने एकच विचारलं, "मातीत ठिवलं ना त्यांना?"

पत्रात ते नव्हतं. मी मुलीला आईची वाक्यं इंग्रजीत लिहून पाठवली, सगळी, आणि शेवटी आईचा प्रश्न लिहिला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते काल आलं. वाचून मी मोबाईल खिशात ठेवला आणि ठरवलं की आईला सांगायचं नाही, तिचं वय झालंय, उगाच टेन्शन नको. मग ते शब्द कुणाचे आहेत हे मला आठवलं.

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो आणि मोबाईल काढून मराठीत वाचायला लागलो, वंदनेच्या आवाजात, तिला ऐकू जाईल असं. त्यांच्या देशाच्या मंत्र्यांनी पेटीवर झेंडा ठेवला. राजधानीत मिरवणूक निघाली, दूरदूरच्या देशांतून माणसं आली. त्यांची इच्छा होती आजीच्या गावी, शेताच्या कडेला पुरावं. मुलगी पेटी घेऊन गावाच्या वेशीपर्यंत गेली. तिथे पंच उभे होते.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबलो नाही.

"गावानं जागा दिली नाही, आई. पेटी परत फिरवली."